खांद्याखालचा नियम

आई, तुमच्या खोलीत आता तुमचा नातू राहतो. खिडकीबाहेरचं पट्ट्यांचं रोलाडेन पूर्ण खाली ओढलेलं असतं, कारण त्याला उजेड सहन होत नाही. तुम्ही होतात तेव्हा घरात पहाटे पहिला आवाज त्या पट्ट्यांच्या खडखडाटाचा असायचा. बाहेर सूर्य असो नसो, तुम्ही खिडकी मोकळी करायचात, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या की हळूच विचारायच्या, तुमच्या सासूबाई रविवारीसुद्धा इतक्या लवकर उठतात का. आता भर दुपारी तिथे अंधार असतो. मी दार थोडं ढकलून आत बघते. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, एवढा थोरला माणूस, पावलं पलंगाच्या बाहेर. मी ताट टेबलावर ठेवते आणि मागे फिरते. चमचा ताटाला लागला तरी त्याच्या डोक्यात कळ जाते, म्हणून स्टीलची भांडी मी वर ठेवून दिली आहेत. आम्ही दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत बोलतो, आणि हे त्याला नदीकाठी फिरवायला नेतात तेवढ्या वेळात मी कुकर लावून घेते.

हे सगळं सांगावं असं तुमच्याशिवाय कुणी नाही, आणि परवा जे झालं ते तुमच्याबद्दलच होतं, म्हणून लिहायला बसले आहे. शाळेत सिस्टरांनी आमच्याकडून इंग्रजी अक्षर इतकं घोटून घेतलं होतं की माझं मराठी अक्षर अजूनही परक्याचं वाटतं. डब्यावर चिकटवलेली माझी चिठ्ठी वाचून तुम्ही एकदा म्हणाला होतात, "हे काय मडमेनं लिहिलंय व्हय?" तेव्हा समजून घ्या.

आपण हायडेलबर्गला राहायला आलो तेव्हा घरामागच्या मैदानावर मुलं काय खेळतात हे मला कळत नव्हतं. लांबट चेंडू, चिखल, आणि एकमेकांच्या अंगावर कोसळणारी पोरं. यांनी कारखान्यात विचारून सांगितलं की याला रग्बी म्हणतात, जर्मनीत इतरत्र फारसं कुणी खेळत नाही, पण या गावात आजोबांपासून नातवापर्यंत सगळे खेळतात. मी त्याला पोहायला घालणार होते. पण मी आठवड्यातले बरेच दिवस फ्रँकफर्टच्या ऑफिसात, हे मानहाइमला, आणि शाळा सुटल्यावर मुलगा तुमच्या ताब्यात. पोहण्याचा तलाव दोन ट्राम बदलून होता आणि तुम्हाला जर्मन येत नव्हतं. मैदान खिडकीतून दिसायचं. एक दिवस मी घरी आले तर तो चिखलाने माखून टबमध्ये बसलेला, आणि तुम्ही बाहेर त्याचे मोजे पिळत होतात. "घातलं त्याला तालमीत," तुम्ही म्हणालात, दूध आणलं म्हणावं तसं. तिथल्या माणसाशी तुम्ही कोणत्या भाषेत बोललात ते मला कधी कळलं नाही. मी विचारलं तर म्हणालात, "त्यात काय बोलायचंय. पोरगं पुढं केलं. त्यानं दंड बघितला, मान बघितली, घेतलं."

तुम्ही सांगलीकडच्या वस्तादाची मुलगी. तालमीच्या भिंतीला लागून तुमचं घर होतं, लहानपणी तुम्ही मातीत हळद-ताक कालवायला जायचात, आणि मुलीच्या जातीला आखाड्यात उतरायची परवानगी नव्हती म्हणून उंबऱ्यावर बसून सगळे डाव पाठ केले होतेत. हे मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधली, आमच्या शाळेत मुलींना पटांगणावर पळायचीसुद्धा वेळ ठरलेली होती. आमच्याकडे कुणी पडली की खेळ थांबायचा. सिस्टर यायच्या, तिला इन्फर्मरीत न्यायच्या. ती पांढऱ्या पडद्यांची छोटी खोली होती. तिथे लोखंडी खाटेवर पडून राहायचं, लिंबाचं पाणी प्यायचं, आणि सिस्टर ऊठ म्हणेपर्यंत उठायचं नाही. मला ती खोली इतकी आवडायची की मी कधीकधी न लागताच जाऊन पडायचे. जग असंच असतं, पडलेल्या माणसाला कुणीतरी पडून राहा असं सांगतं, अशी माझी समजूत होती.

त्यामुळे तो शनिवार मी विसरू शकत नाही. तो तिसरीत असेल. मी पहिल्यांदाच सामना बघायला आले होते, तुम्ही नेहमीच्या घडीच्या खुर्चीत, नऊवारीवर यांचं जुनं जॅकेट, पायात बर्फातले बूट, मांडीवर गरम पाण्याचा थर्मास. आजूबाजूच्या आया तुम्हाला ओमा, म्हणजे आजी, म्हणायच्या आणि तुम्ही त्यांना "हां, बस, बस" म्हणून शेंगदाण्याचा लाडू द्यायचात. तेवढ्यात तो एका मोठ्या मुलाला धडकला आणि तोंडावर पडला. नाकातून रक्त. मी कुंपणावरून पाय टाकला, तर तुम्ही माझी बाही धरलीत, जोरात.

"कुठं निघालीस?"

"आई, रक्त येतंय त्याला."

"येऊ दे. नाकाचं रक्त हाय, थांबतंय. तू आत गेलीस की ते खालीच राहील. आयुष्यभर खालीच राहील." मग माझ्याकडे न बघता मैदानाकडे तोंड करून ओरडलात, "ए पैलवान. ऊठ की. तिथं काय नांगर धरालायस?"

आणि तो उठला. रक्त बाहीला पुसलं आणि पळाला. बाजूच्या आया टाळ्या वाजवू लागल्या. तुम्ही माझी बाही सोडलीत. मी ऑफिसात हाताखाली माणसं असलेली बाई, त्या दिवशी घरी येताना शाळकरी मुलीसारखी तुमच्या मागून चालत होते. तुम्हाला ते जाणवलं असावं, कारण रात्री जेवताना माझ्या ताटात तुम्ही न मागता जास्तीचं तूप वाढलंत. मला ते तूप गिळताना त्रास झाला. आज हे लिहितानाही मला तुमचा हात बाहीवर जाणवतो.

पुढे एकदा तिथल्या प्रशिक्षकाने त्याला विचारलं की तू इतका छान पडतोस, कुणी शिकवलं. त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. प्रशिक्षक हसला, त्याला वाटलं पोरगा थट्टा करतोय. तुम्ही थर्मास खाली ठेवलात, जॅकेट काढून माझ्या हातात दिलंत, आणि ओल्या गवतावर, त्या वयात, सगळ्या मुलांसमोर पडून दाखवलंत. हनुवटी छातीला, खांदा आधी, मग पाठ, हात जमिनीवर सपकन, आणि त्याच झोक्यात पुन्हा पायांवर. मग प्रशिक्षकाने तुम्हाला पुन्हा करायला सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, "त्याला म्हणावं एवढ्यात शिक. कंबर माझी हाय, सरकारची न्हाई." नातवाने त्याचं जर्मन केलं. पुढे कितीतरी दिवस ते सगळे तुमच्यासारखे पडायचा सराव करत होते.

तुम्ही त्याला दोन गोष्टी शिकवल्यात. पडायचं कसं ही पहिली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्या पडण्याने त्याचे खांदे आणि मनगटं वाचली, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. दुसरी गोष्ट दर रविवारी तेल लावताना सांगायचात. तो जमिनीवर बसायचा, तुम्ही मागे स्टुलावर, तिळाचं तेल कोमट करून त्याच्या मानेला चोळत असायचात, आणि तुमचं चालायचं: "पडल्यावर कुठं लागलंय ते मोजायचं न्हाई. आधी उठायचं. समोरच्याला कळता कामा नये. पंचाकडं बघायचं न्हाई, बाहेर बघायचं न्हाई. उठायचं. उठल्यावर बघू." तो डोळे मिटून "हां आजी, हां आजी" करायचा. माझ्याशी तो तेव्हापासून जर्मनच बोलतो. मी मराठीत विचारते, तो जर्मनमध्ये उत्तर देतो. त्याचं मराठी तुमच्यापाशी होतं, आणि तुम्ही गेलात तेव्हा तो आठवीत होता, म्हणून अजूनही ते आठवीतल्या मुलाचं आहे, सांगलीकडचं.

तुम्ही गेल्यावर तो रडला नाही. स्मशानातून आल्यावर त्याने बूट घातले आणि मैदानावर गेला. मी खिडकीतून बघत होते. त्या संध्याकाळी त्याला जितक्या वेळा पाडलं तितक्या वेळा तो उठला, लगेच, कुणी हात द्यायच्या आत. यांना म्हटलं, जाऊन त्याला घेऊन या. हे म्हणाले, "राहू दे. तो आईशी बोलतोय."

पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत. इथला खेळ पंधरा जणांचा. इंग्लंडच्या उत्तरेला याच खेळाचा एक तेरा जणांचा प्रकार आहे, तिथे तो व्यवसाय म्हणून खेळतात, पगार, करार, सगळं. तो शाळा संपवून तिकडे गेला आणि टिकला. त्या खेळात एका बाजूकडे चेंडू असतो, समोरच्यांनी सहा वेळा पाडलं की तो सोडून द्यायचा. तुम्हाला पंधरांचा खेळ यांनी समजावला होता तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "हे तर आपलं हुतूतू झालं की, फकस्त दम धरायचा न्हाई." तेरांचा तुम्हाला जास्त पटला असता. त्यात पाडणं आणि उठणं याशिवाय फारसं काही नाही. तुमचा नातू मधल्या जागी, जिथे सगळ्यात जास्त धडका, तिथे खेळायचा, आणि तो ज्या गोष्टीसाठी ओळखला जायचा ती हीच, की त्याला पाडलं तरी तो इतरांच्या आधी उभा असायचा. समालोचक त्याचं कौतुक करायचे. आम्ही इथे टीव्हीसमोर बसून ऐकायचो, आणि हे म्हणायचे, "आईचा आहे तो."

या हंगामात त्यांनी नियम बदलले. गेली काही वर्षं जुने खेळाडू पन्नाशीच्या आतच विसरायला लागले, बायकामुलांना ओळखेनासे झाले, तेव्हा डोक्याचा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नाही. म्हणून ठरलं की समोरच्याला पकडताना हात खांद्याच्या खालीच लागला पाहिजे. वर गेला की शिक्षा, डोक्याला लागला तर मैदानाबाहेर. शिवाय दातांवर बसवायच्या गार्डमध्ये आता एक यंत्र असतं. डोक्याला मोठा हिसका बसला की बाहेर उभ्या असलेल्या डॉक्टरच्या पडद्यावर ते दिसतं, आणि खेळाडू कितीही ताठ उभा असला तरी त्याला तपासायला बाहेर बोलावतात. मग ठराविक दिवस विश्रांती, मग एकेक पायरीने परत. मला हे वाचून काय वाटलं सांगू? मला इन्फर्मरी आठवली. शेवटी कुणीतरी सिस्टर मैदानात उतरल्या. हंगामाच्या पहिल्या सामन्यात पंच सारखी शिट्टी फुंकत होते, एकामागून एक खेळाडू बाहेर जात होते, प्रेक्षक हुर्यो करत होते. त्या सगळ्या गर्दीत नियमाच्या बाजूची बहुधा मी एकटीच असेन, ती पण हायडेलबर्गच्या दिवाणखान्यात. रात्री त्याचा फोन आला, तो चिडलेला. "ममा, आता काय गुडघे धरून नमस्कार घालायचे का एकमेकांना?" जर्मनमध्ये म्हणाला, पण तुमचाच टोमणा होता तो. मी म्हटलं, "घाल नमस्कार. मला चालेल."

मला हे कळलं नव्हतं की खाली वाकून पकडायचं म्हणजे पकडणाऱ्याचं डोकं समोरच्याच्या गुडघ्याच्या आणि मांडीच्या रेषेत जातं. ज्याला पकडतात त्याचं डोकं वाचतं. जो पकडतो त्याचं धोक्यात येतं, विशेषतः तो तिशी उलटलेला, उंच, आणि आयुष्यभर उभ्याने पकडायची सवय असलेला असेल तर. पहिल्यांदा झालं तेव्हा अजून थंडी होती. पळत येणाऱ्याच्या गुडघ्यावर त्याची कानशिलाजवळची बाजू आदळली. तो पडला आणि उठला. इतक्या पटकन की समालोचकाला काही झालं हे कळलंच नाही. मला दिसलं, कारण मी त्याची आई आहे. पडताना त्याने हात जमिनीवर आपटला नाही. तुम्ही शिकवलेलं पडणं नव्हतं ते. पोतं पडतं तसा पडला, आणि एक हात क्षणभर हवेत ताठ राहिला, कुणाला तरी काही द्यायला पुढे केल्यासारखा. मग उठला आणि धावला, भलत्याच दिशेला. यंत्राने सांगितलं, डॉक्टर आत आले, आणि तुमचा नातू त्यांच्याशी भांडत होता की मला काही झालेलं नाही, मी उभा आहे ना. यांनी आवाज बंद केला. आम्ही कितीतरी वेळ मुका टीव्ही बघत बसलो.

विश्रांती झाली, तो परतला. वसंतात पुन्हा झालं. मग उन्हाळ्यात तिसऱ्यांदा, साधी धडक, इतकी साधी की बाकीच्या कुणाला खरचटलंही नसतं. त्यानंतर त्याला वाचता येईना, दुकानात उभं राहता येईना. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी जा, वेळ घे, कुणी घाई करत नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. सगळे नीट वागले.

इथल्या न्यूरोलॉजिस्ट बाई तरुण आहेत, हळू बोलतात. स्कॅनमध्ये काही दिसत नाही म्हणाल्या, आणि काही दिसत नाही याचा अर्थ काही झालंच नाही असा घेऊ नका. हे प्रत्येक वाक्याला "जा, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, म्हणत होते, कारखान्यातल्या बैठकीत म्हणतात तसं, आणि मग बाईंनी त्याला विचारलं की याआधी कधी शुद्ध गेली होती का.

"नाही," तो म्हणाला. "मी नेहमी लगेच उठायचो."

बाई म्हणाल्या, "माणूस उठतो, पळतो, बोलतो, आणि त्याला त्यातलं काही कळत नसतं, असं पुष्कळदा होतं. तुम्हाला ज्यांचा अर्धाच भाग आठवतो असे सामने आहेत का?"

तो म्हणाला, आहेत. किती, असं त्यांनी विचारलं तर म्हणाला, माहीत नाही, मला वाटायचं सगळ्यांचं तसंच असतं. मी नंतर रेकॉर्डिंग बघून घ्यायचो. आई, मुलांच्या संघापासून, या गावातल्या मैदानापासून तसं होत होतं. तुम्ही खुर्चीत बसलेल्या असायचात तेव्हापासून. यांचं "गेनाऊ" तिथे थांबलं. येताना ट्राममध्ये तो काळा चष्मा लावून खिडकीला टेकला होता, आणि हे शेजारी बसून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून होते, तो लहान असताना कधी ठेवला नव्हता तसा.

बाई मनाई करू शकत नाहीत. मी फक्त सांगू शकते, म्हणाल्या, की पुढची धडक कितीही हलकी असली तरी यातून तुम्ही परत याल असं मी म्हणणार नाही. निर्णय त्याचा. आणि त्याने निर्णय घेतला होता. परवा दुपारी तो खोलीतून बाहेर आला, चष्म्यासकट, आणि मी मेथी निवडत होते तिथे समोर बसला. चांगलं वाटतंय म्हणाला. सोमवारी क्लबला कळवतो, चाचण्या सुरू करा म्हणून. हंगामाचे शेवटचे सामने उरलेत, करारही संपतोय, असं खोलीतून निघून जायचं नाही मला. आल्झो, तर मग, मी मैदानातून बाहेर पडेन, अंधारातून नाही. मी मान वर केली नाही. मी गेली पंचवीस वर्षं नको म्हणतेय, माझं नको त्याला कधीच ऐकू आलेलं नाही. तो माझ्या हातांकडे बघत राहिला आणि मग मराठीत म्हणाला, "आजी काय म्हणाली असती गं?"

मराठीत विचारलं म्हणून मला कळलं की त्याला भीती वाटतेय.

तेव्हा मला तुमचा भाऊ आठवला. तुम्ही त्यांच्याबद्दल एकदाच बोललात. खर्ड्यासाठी मिरच्या भाजत होतात, धूर झाला आणि छताचं धुराचं यंत्र केकाटायला लागलं. तुम्ही स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घालत होतात, मी खाली स्टूल धरून, दोघी खोकत, हसत. ते गप्प झाल्यावर तुम्ही खाली उतरलात, वरवंटा घेतलात आणि का कोण जाणे, थोरल्या भावाचं सांगायला लागलात. जत्रेतली कुस्ती, समोरच्याने त्यांना मातीबाहेर दगडावर डोक्यावर फेकलं, ते उठले आणि तीच कुस्ती मारली. लोकांनी खांद्यावर घेतलं. पुढे बोलता बोलता हरवायला लागले. एकच गोष्ट परत परत विचारायचे. तालमीतून घरी यायची वाट, जी भिंतीला लागून होती, ती चुकायला लागली. बायकोवर हात उचलला, ती माहेरी गेली ती आलीच नाही. लोक म्हणाले बाहेरचं आहे, देवऋषी करून झाले. एके दिवशी कृष्णेत उतरले आणि बाहेर आले नाहीत. तेव्हा त्यांचं वय आज माझ्या मुलाचं आहे तेवढंही नसेल. माझे हात थांबले होते. तुम्ही वाटत होतात. मग खर्डा बोटाने चाखलात आणि म्हणालात, "पण एक सांगते तुला. जन्मात कधी पडून राहिला न्हाई. उठलाच." तुमचा चेहरा उजळला होता आई, मला स्वच्छ आठवतो. दगडावरची ती धडक आणि नंतरची ती वाट चुकणं, यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे तुमच्या मनात आलेलं नव्हतं. माझ्याही नव्हतं. कुणाच्याच नव्हतं तेव्हा. मग तुम्ही म्हणालात, मीठ कमी पडलंय.

मी त्याला हे सगळं सांगितलं. जत्रा, दगड, वाट, नदी, जसं तुम्ही सांगितलं तसं. तो चष्मा काढून ऐकत होता, डोळ्यांत पाणी यायला लागलं तरी. आणि मग मी म्हटलं, "आजी म्हणाली, माझ्या भावाला तेव्हाच कुणीतरी पडून राहा म्हणायला हवं होतं. ते उठणंच त्याच्या जिवावर बेतलं."

तो म्हणाला, "आजी म्हणाली? असं?"

"हो."

"कधी?"

"तू दहा-अकरा वर्षांचा असशील."

त्याने टेबलावरची मेथीची एक काडी उचलली, तिचे बारीक तुकडे केले. मला वाटलं तो रडेल. तो म्हणाला, "म्हणजे तिला माहीत होतं."

मी निवडलेली पानं चाळणीत भरली.

"भावाचं असं झालं ते तिला माहीत होतं. आणि तरी मला ऊठ म्हणायची. दर रविवारी." आठवीतल्या मुलाच्या मराठीत, एकेक शब्द शोधून. "का गं ममा?"

त्या वेळी मी सांगू शकत होते. तोंडापर्यंत आलं होतं की नाही रे बाळा, तिला काही माहीत नव्हतं, तिला तुझा अभिमान होता तसाच त्याचा होता, शेवटचं वाक्य माझं आहे. पण मग त्याने सोमवारी फोन केला असता. मी म्हटलं, "माहीत नाही." आणि मेथी धुवायला उठले.

काल सकाळी त्याने सोमवारची वाट न बघता क्लबच्या डॉक्टरांना फोन केला. दार उघडं होतं. मी खेळ थांबवतोय, एवढंच इंग्रजीत म्हणाला, आणि मग पलीकडचा बराच वेळ बोलत होता आणि हा नुसता येस, येस करत होता. हे पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून उभे होते, दोन्ही हात तोंडावर. दुपारी मी ताट घेऊन गेले तर त्याच्या खोलीतला तुमचा फोटो भिंतीवर नव्हता. बाहेर बुटांच्या कपाटावर ठेवलेला दिसला. त्याला कळत नाही की वडीलधाऱ्यांचा फोटो तिथे ठेवत नाहीत. जागा मोकळी दिसली, ठेवला. मी तो उचलून माझ्या कपाटात, साड्यांमध्ये ठेवला आहे. यांनी विचारलं, "आईचा फोटो का काढला त्याने?" मी म्हटलं काच चमकते, डोळ्यांना त्रास होतो.

आता तो खेळणार नाही. त्याचं डोकं किती परत येईल हे बाईंना सांगता येत नाही, पण आणखी जाणार नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात की पोरगं जगतंय ना, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. म्हणाला असतात ना? का हेही वाक्य मीच तुमच्या तोंडी घालतेय? मला आता खात्रीने सांगता येत नाही. तुम्हाला मी फार वर्षं ओळखत होते, पण ते सगळं तुमच्या मागून चालतच.

हे लिहिलेलं मी कुठे ठेवणार नाही. त्याला देवनागरी वाचता येत नाही, तरी 'आजी' एवढा शब्द तुम्ही त्याला गिरवायला शिकवला होतात, आणि या कागदांत तो दिसेल. संध्याकाळी फाडून रद्दीच्या निळ्या डब्यात टाकेन, जुन्या वर्तमानपत्रांबरोबर. तो तुमच्यावर रागावला आहे, आई, आणि तो राग माझ्यामुळे आहे. मी त्याला खरं सांगेन असं मला वाटत नाही. तो बरा झाल्यावरही नाही. वाईट वाटतं, पण तुम्हाला खोटं कशाला सांगू, काल रात्री कितीतरी महिन्यांनी मला झोप लागली.